मरणासन्न नायिकेच्या सिनेमाचं विडंबन लिहिताय? या चुका टाळा

सतरा वर्षांची मुलगी, तिला असाध्य आजार, तिच्यावर जीव ओवाळून टाकणारा मुलगा आणि शेवटची वीस मिनिटं नुसती रडारड. या सिनेमांची टर उडवणं सोपं वाटतं, आणि म्हणूनच त्यांच्यावरची बहुतेक स्किट सपशेल पडतात. ती का पडतात आणि पडायला लागली की काय करायचं, ते बघू.

लोक पहिल्या मिनिटाला हसले, मग मोबाइल बघायला लागले

कारण उघड आहे. मूळ सिनेमाने आधीच टिपेचा सूर लावलेला असतो आणि तुम्ही त्याच्याही वर ओरडायला गेलात. नायक दोनदा गुडघ्यावर बसला, नायिका चारदा बेशुद्ध पडली. पाचव्यांदा कुणाला काय पडलंय? अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळाच्या कवींची खोड काढली, पण वृत्त आणि भाषेचा थाट जसाच्या तसा ठेवला. घाट गंभीर, आशय फालतू, म्हणून हसू येतं. तुमच्या स्किटमध्येही प्रकाश मंद, आवाज हळवा आणि चेहरे अगदी गंभीर राहू द्या. नटाला आपण विनोद करतोय याचा पत्ताच नसावा. त्याने एकदा जरी डोळा मारला, तरी संपलं.

लोक एकदम गप्प झाले

म्हणजे विनोद रोग्यावर गेला. टक्कल, खोकला, सलाईन यांच्यावर हशा मागितला की तो मिळत नाही; समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात हे सगळं होऊन गेलेलं असतं. नेम पटकथाकारावर धरा. त्याने मुलीला आजार दिला, पण आजारी शरीर दिलंच नाही.

अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने या लबाडीला नावच देऊन ठेवलंय: अ‍ॅली मॅकग्रॉचा आजार. लक्षण एकच, मरण जवळ येईल तसतशी रोगी आणखी सुंदर दिसू लागते. मॅकग्रॉ ही १९७०च्या ‘लव्ह स्टोरी’ची नायिका. पण खोड त्याहून जुनी आहे. १८५३ साली व्हेनिसमध्ये व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा क्षयाने खंगलेल्या नायिकेच्या भूमिकेतली गायिका चांगलीच अंगाने भरलेली होती आणि लोकांनी तिची हुर्यो उडवली. क्षय हवा, पण तो शोभायला हवा, ही मागणी तेव्हापासूनची!

विनोदच सुचत नाहीयेत

याला माझ्याकडे एकच औषध आहे: त्या आजाराबद्दल नीट वाचा. सिनेमाने जे जे गाळलंय, ते सगळं तुमचा कच्चा माल. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, उपचारात स्टेरॉइड देतात. त्याने चेहरा गोल गरगरीत सुजतो आणि भूक अशी खवळते की माणूस रात्री दोनला जेवायला मागतो. केमोने तोंड येतं, जिभेला धातूची चव येते आणि केसांबरोबर बऱ्याचदा भुवयाही जातात. सिनेमात मात्र डोकं चकचकीत आणि भुवया रेखीव. त्या भुवयांवर अख्खं स्किट निघेल.

पटकथाकारांची खरी पंचाईत वेगळीच आहे. १९६०च्या आसपास मुलांच्या ल्युकेमियात जवळजवळ कुणी वाचत नसे. आज चांगले उपचार मिळतात तिथे त्याच्या सर्वांत सामान्य प्रकारात दहातली नऊ मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. मग नवा आजार शोधा! सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं निकामी करणारा जन्मजात आजार सापडला. त्याच्या रुग्णांनी एकमेकांचा संसर्ग टाळायला सहा फूट लांब राहायचं असतं. मार्च २०१९च्या ‘फाइव्ह फीट अपार्ट’मधली जोडी त्यातला एक फूट कमी करते, हेच त्यांचं बंड. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत बहुतेक रुग्णांना लागू पडणारं नवं औषध मंजूर झालं. नायिकेच्या शोकगीताची चाल बांधून झालीय आणि निर्मात्याच्या हातात बातमी पडलीय, हा प्रवेश मला तरी कुणी लिहिलेला दिसला नाही. घ्या, फुकट आहे.

संवाद लांबतायत

या सिनेमांतली पोरं दहावीचा निकाल नुकताच लागलेल्या पोरांसारखं बोलतच नाहीत, अनंतकाळावर प्रवचन देतात. त्याला उत्तर म्हणून दुसरं प्रवचन लिहू नका. खोलीत खऱ्या वस्तू ठेवा आणि त्यांना अडथळा आणू द्या. गच्चीवर रात्र आहे, तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी, मशीन खाली खोलीत घुमतंय:

‘तू माझा श्वास आहेस.’
‘हं.’
‘तुझ्याशिवाय हे आकाश नुसतं रिकामं...’
‘पाय काढ.’
‘काय?’
‘नळीवरून पाय काढ.’

इथे थांबा. त्याने दचकून उडी मारणं, तिने गुदमरणं वगैरे जोडलंत की पुन्हा पहिल्या चुकीवर आलात. आणि हो, मुलगी इथे हुशार आहे आणि मुलगा बावळट, हे उलटं करू नका.

आईवडिलांना विसरू नका. सिनेमात ते दाराच्या चौकटीत कॉफीचा मग धरून डोळे पुसतात, एवढंच काम. तुम्ही त्यांना विम्याची फाइल द्या. नायक चंद्राकडे बोट दाखवत असताना बाबांचं मागे फोनवर ‘नाही, तो अर्ज मी मंगळवारीच दिलाय’ चालू राहू दे.

शेवटी कुणीतरी खरंच रडलं

पियानो काढून टाका. दर वेळी तोच दगा देतो. त्याच्या चार सुरांवर माणूस टेलिफोन बिलालाही रडेल. शिवाय मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की डॉक्टर धावत येऊन शॉक देतात, तेही तपासा. सरळ रेघेला शॉकचा उपयोग नसतो. तो हृदयाच्या विस्कटलेल्या ठोक्यांसाठी असतो. तेव्हा डॉक्टर यंत्र घेऊन धावत येतात, रेघ बघतात आणि यंत्र परत घेऊन जातात. नायक अजून बोलतोच आहे. नर्स सुटलेली वायर नायिकेच्या छातीला परत चिकटवते, ठोके पुन्हा दिसायला लागतात आणि नायिका विचारते, ‘याचं संपलं का?’