फ्रेंच कामगारांचं निळं जॅकेट घेताय? या चुका टाळा

निळं, जरा ढगळ, छोटी कॉलर आणि पुढे तीन पॅच पॉकेट (वरून शिवलेले खिसे) असलेलं जे कॉटन जॅकेट सध्या दर दुसऱ्या ब्रँडकडे दिसतंय ना, ते मुळात फॅशनवाल्यांचं नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये कारखान्यात, रेल्वेत, शेतावर काम करणारे लोक हे घालायचे, तिकडे त्याला ‘ब्लू द त्राव्हाय’ म्हणतात, आपल्याकडे ऑनलाइन शोधायचं तर चोअर (chore) जॅकेट. आतल्या कपड्यावर चढवायचं, मळलं की खळखळ उकळून धुवायचं, फाटलं की ठिगळ लावायचं, विषय संपला. न्यूयॉर्क टाइम्सचे फोटोग्राफर बिल कनिंगहॅम (२०१६ मध्ये गेले ते) कित्येक वर्षं हेच निळं जॅकेट घालून सायकलवर फिरत रस्त्यावरच्या लोकांचे फोटो काढायचे, आणि त्यांनी ते घेतलं ते खिसे भरपूर आणि किंमत कमी म्हणून.

आता आपल्याकडे होतं काय, लोक फोटो बघून घेतात, दोनदा घालतात आणि मग ते हँगरला लटकत राहतं. कोणी म्हणतं गरम होतं, कोणी म्हणतं पोत्यासारखं दिसतं, कोणी म्हणतं एका धुण्यात वाट लागली. माझ्या मते या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच, लोक कट बघतात आणि कापड बघतच नाहीत.

कापड न बघता ऑर्डर करणं

जुन्या फ्रेंच जॅकेटांचं सगळ्यात नावाजलेलं कापड म्हणजे मोलस्किन. नावाचा अर्थ मोल या प्राण्याची कातडी, पण नावावर जाऊ नका, शंभर टक्के कॉटन असतं, सॅटिन विणीचं, त्यात बाणा म्हणजे आडवा धागा इतका घट्ट ठोकलेला असतो की वारा आत शिरत नाही, आणि वरून हात फिरवला तर मऊ लागतं. वजनाला ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वरच. डिसेंबरात पुण्यात सकाळी सातला टू-व्हीलरवर निघायचं असेल किंवा तुम्ही जर्मनी-लंडनकडे राहत असाल तर याच्यासारखं जॅकेट नाही, पण मुंबईत लोकलमध्ये हे घालून चढलात तर दादरपर्यंत घामाने भिजाल. मुंबई, कोकण, गोवा इकडच्या लोकांनी सरळ २०० ते २५० जीएसएमचं ड्रिल किंवा साधं ट्विल (दोन्ही तिरप्या रेघांच्या विणीची कापडं) घ्यावं, आणि अस्तर नसलेलंच. अमेरिकन पद्धतीच्या चोअर कोटात डक म्हणजे जाड, घट्ट विणीचं कॅनव्हास आणि आतून ब्लँकेटचं अस्तर असतं, कार्हार्ट वगैरे (ही कंपनी १८८९ ची, डेट्रॉइटची), ते दिसायला भारी पण ते तिकडच्या बर्फासाठी आहे बाबा.

आपल्याकडे हल्ली छोटे ब्रँड खादीत किंवा हँडलूममध्ये पण हे जॅकेट शिवतात. आयडिया मस्त आहे, फक्त विरळ विणीची खादी असेल तर खालच्या खिशात फोन आणि गाडीची किल्ली टाकली की खिसा लोंबायला लागतो आणि पुढचा पल्ला ओढला जातो. घेण्याआधी कापड उजेडासमोर धरा, आरपार दिसत असेल तर खिसे शोभेचे समजा. आणि लेबलवर पॉलिस्टर किंवा इलॅस्टेन दिसलं तर मी तरी सोडून देतो, कारण या जॅकेटची अर्धी मजा त्याचा निळा रंग हळूहळू उतरण्यात आहे आणि मिक्स कापड तसं उतरत नाही, त्यावर गोळे येतात.

ब्लेझरसारखं फिटिंग शोधणं

हे अंगाला चिकटून बसायचं जॅकेट नाही. हात वर करून काम करता यावं म्हणून ते सरळ, चौकोनी कापलेलं असतं, त्यामुळे टेलरकडे नेऊन कंबरेत घ्यायला सांगू नका, सगळा आकार जातो आणि खालचे खिसे बाजूच्या शिवणीत घुसल्यासारखे दिसतात. पण ढगळ म्हणजे दोन साइझ मोठं असंही नाही. तुमच्या छातीच्या मापापेक्षा जॅकेट १० ते १५ सेंटीमीटर मोठं असलं की बास, खांद्याची शिवण हाडापासून किंचित खाली उतरली तरी चालते. बाही लांब असेल तर कमी करता येते किंवा नुसती दुमडता येते, खांदा मात्र टेलरकडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, तेवढ्या पैशात दुसरं येईल.

सेकंडहँड ओरिजिनल मागवत असाल तर आत लिहिलेल्या नंबरवर अजिबात विसंबू नका, कारण ते जॅकेट वर्षानुवर्षं गरम पाण्यात धुऊन आटलेलं असतं. विकणाऱ्याकडून काखेपासून काखेपर्यंतचं माप मागवा, जॅकेट सपाट ठेवून घेतलेलं, आणि ते दुप्पट करा. अजून एक, १९३० चं म्हणून महागात विकतात आणि लेबलवर धुण्याच्या टबाचं चिन्ह असतं, ती चिन्हं युरोपात १९६० च्या दशकात रुळली, तेव्हा तिथल्या तिथे भाव पाडा.

धुणं, म्हणजे खरी वाट इथे लागते

पहिला प्रश्न, आटणार का? कापड सॅनफोराइज्ड असेल तर फार नाही. ही कापड आधीच आटवून घ्यायची प्रोसेस सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने १९३० च्या सुमारास आणली, आता बहुतेक मिलच्या कापडाला ती केलेली असते. पण ‘रॉ’, ‘अनसॅनफोराइज्ड’ किंवा ‘लूमस्टेट’ (मागावरून उतरलं तसंच, न आटवलेलं) लिहिलं असेल तर पहिल्या धुण्यात ७ ते १० टक्के आटू शकतं, म्हणजे ६० सेंटीमीटरची बाही चार ते सहा सेंटीमीटर वर जाईल, हा हिशोब ऑर्डर करतानाच धरा. आटून बसलंच असेल तर ओलं असताना बाह्या हाताने लांबीत ओढून वाळत घाला, थोडासा फरक पडतो, जास्त आशा ठेवू नका. बाहीच्या टोकाला आत दुमडलेलं कापड असेल तर टेलर ते सोडून देईल, पण जुन्या दुमडीची रेघ दिसत राहणार.

रंग पांढऱ्या शर्टाला किंवा गाडीच्या सीटला लागत असेल तर घाबरू नका. नीळ म्हणजे इंडिगो रंग धाग्याच्या आत पूर्ण मुरत नाही, वरवर बसते, म्हणून घासून निघते. यावर घरोघरी एकच उपाय सांगतात, मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो. नाही होत हो. नीळीवर त्याचा काही उपयोग नाही. उलटं करून, गार पाण्यात, एकटंच दोन-तीनदा धुवा, सुटा रंग निघून जातो आणि मग तेवढं लागत नाही.

धुतल्यावर पांढुरक्या उभ्या रेघा दिसल्या तर दोन शक्यता आहेत. पावडर नीट विरघळली नसेल तर ती पुन्हा नुसत्या पाण्यात खळबळून निघते, पुढच्या वेळी लिक्विड वापरा. पण मशीनमध्ये कोंबून जोरात स्पिन केल्यामुळे घडीवर रंग घासला गेला असेल तर ती रेघ जात नाही, दहाबारा धुण्यांत बाकीचा रंगही उतरून तिच्या जवळ येतो एवढंच. म्हणून स्पिन कमीवर, आणि पिळायचं तर नाहीच. ब्लीचचं नाव काढू नका, क्लोरीन नीळ तोडून टाकतं आणि पिवळट डाग राहतो. जुनं दिसावं म्हणून कोपरावर सँडपेपर मारणारेही लोक आहेत, त्यांना काय सांगणार, कापड पातळ होऊन तिथेच फाटतं, आणि खरं झिजलेलं कोपर आतल्या हाडाच्या जागी असतं, यांचं भलतीकडेच.

वाळत घालताना सावलीत आणि उलटं. गॅलरीत भर उन्हात दांडीवर टाकलं की खांद्यावर फिकट पट्टा येतो आणि तो कायमचा.

बटणं धातूची असतील तर ओलं जॅकेट घडी घालून बादलीत ठेवू नका, काजाभोवती गंजाचे तांबूस डाग पडतात. लिंबू-मीठ चोळलं तर ते निघतात, पण आधी आतल्या शिवणीवर करून बघा कारण आजूबाजूचा रंगही फिकट होऊ शकतो.

आणि लाँड्रीवाल्याला देताना दोन गोष्टी तोंडाने सांगा, स्टार्च नको आणि बाहीला क्रीज नको. सांगितलं नाही तर तो सवयीने दोन्ही करणार, जॅकेट पुठ्ठ्यासारखं उभं राहणार, आणि स्टार्च लावलेलं कापड पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलं की कसर आणि बुरशी दोघांचीही सोय होते. पाऊस सुरू व्हायच्या आत साध्या पाण्यात धुऊन, शिवणी आणि खिशाचे कोपरे खडखडीत वाळलेत ना ते हात घालून बघून, प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता जुन्या कॉटनच्या उशीच्या अभ्र्यात ठेवा.