बेल्ट कुरकुरतोय? पाना उचलण्याआधी आवाज ओळखा

गाडी सावकाश चालली की मागच्या चाकापाशी 'कुईं… कुईं…' वाजतं. वेग वाढला की आवाज विरतो आणि गॅरेजसमोर नेऊन उभी केली की नेमका येतच नाही. चेनऐवजी बेल्टवर चालणारी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना हे नवीन नाही. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात तर हे जास्तच, कारण पावसाळा सरला की तांबडी धूळ सुरू होते आणि पिठासारखी बारीक होऊन बेल्टच्या दात्यांत बसते.

हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली स्टर्जिस मॉडेलला चेनच्या जागी दातेरी बेल्ट दिला. आपल्याकडे बरीच वर्षं बेल्टची गाडी म्हणजे हार्लेच, असं होतं. आता रिव्होल्ट आरव्ही ४०० सारखी इलेक्ट्रिक मोटरसायकल आणि एथर ४५० सारखी स्कूटरही बेल्टवर चालते, त्यामुळे निपाणी-चिक्कोडीच्या रस्त्यावरही बेल्ट दिसू लागलाय. पेट्रोल स्कूटरच्या कव्हरआत असतो तो बेल्ट वेगळा. तो ताणून बसवायची सोयच नसते, म्हणून त्याबद्दल इथे काही नाही.

मला हे शिकायला एक बेअरिंग घालवावं लागलं. गाडी सेकंडहँड घेतली होती, पावसाळ्यानंतर आवाज सुरू झाला. एका गॅरेजवाल्याने चेनच्या सवयीने अ‍ॅडजस्टर (मागचं चाक मागे-पुढे सरकवणारा बोल्ट) फिरवून बेल्ट ओढला. दोन दिवस आवाज गेला. मग जांबोटीच्या रस्त्यावर 'घुंईं' असा नवा आवाज सुरू झाला आणि काही महिन्यांत मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्री अण्णांनी बेल्टवर नुसता अंगठा दाबला आणि म्हणाले, "भाळ बिगी आगेद." कन्नडमध्ये 'भाळ' म्हणजे फार आणि 'बिगी' म्हणजे आवळून ताठ. आपण मराठीत 'बिगीबिगी' म्हणतो ते घाईसाठी. माझ्या गाडीच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडले: घाईने हात घातला आणि बेल्ट आवळला गेला.

चेन ढिली झाली की खडखडते, म्हणून आवाज आला की ताणायची, ही सवय आपल्या हातात बसली आहे. बेल्टचं तसं नाही. त्याच्या पोटात अ‍ॅरामिड किंवा कार्बनच्या दोऱ्या असतात, त्या चेनसारख्या सैल होत जात नाहीत. नवीन बेल्ट सुरुवातीला जरा बसतो, त्यानंतर नीट लावलेला ताण बराच काळ टिकतो. म्हणून जुन्या बेल्टमधून अचानक आवाज आला तर ताणाचा नंबर शेवटी लावा. आधी माती, मग चाकाची सरळ रेषा, मग बेअरिंग, आणि हे सगळं बघून झाल्यावर ताण.

आवाज कधी येतो ते आधी ठरवा

गाडी बंद करा, न्यूट्रलला टाका आणि अंगणात हाताने ढकला. ढकलतानाही कुरकुर ऐकू आली तर इंजिनाचा दोष नाही. दोष चाक, बेल्ट, पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते दातेरी चक्र), बेअरिंग किंवा ब्रेक यांच्यातच आहे. ढकलता ढकलता मागचा ब्रेक हलकासा दाबा. आवाज बदलला किंवा थांबला तर बेल्टला हात लावू नका, पॅड आणि डिस्क बघा. ब्रेकची किरकिर बेल्टच्या नावावर खपलेली मी कितीदा तरी पाहिली आहे.

आता बेल्ट आणि पुली जिथे भेटतात तिथे बाटलीने थोडं साधं पाणी शिंपडा आणि पुन्हा ढकला. आवाज लगेच गेला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर कोरडं घर्षण आहे. म्हणजे एक तर दात्यांत धूळ आहे किंवा बेल्टची कड पुलीच्या काठाला घासते आहे. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर संशय बेअरिंगवर घ्या.

आवाजाच्या जातीवरूनही बरंच कळतं. पक्ष्यासारखी चिवचिव म्हणजे धूळ किंवा काठाला घासणं. वेगाबरोबर चढत जाणारी घुंईं म्हणजे बहुतेक वेळा बेल्ट जास्त आवळलाय. घरघर आणि चाकात खडबडीतपणा असेल तर बेअरिंग. एकदम रेस दिल्यावर 'खाड्' असा झटका आला तर बेल्ट इतका ढिला आहे की दाता पुलीवरून उडी मारतोय. हे झालं तर त्या दिवशी गाडी पुढे दामटू नका, दाता उडताना आतल्या दोऱ्यांना मार बसतो.

खडूची खूण

ठरावीक अंतराने 'टक… टक…' येत असेल तर खडू घ्या. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण तिच्यात अंदाज लागत नाही, मोजावं लागतं.

मागचं चाक अधांतरी करा. पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) असेल तर उत्तम, नसेल तर गाडीला दोन्ही बाजूंनी आधार द्या आणि एका माणसाला हँडल धरायला सांगा. चावी काढून खिशात ठेवा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मेन स्विचही बंद करा, कारण ती आवाज न करता चालू असते आणि चुकून मूठ पिळली की चाक फिरतं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवत बेल्ट तपासणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका. बेल्ट आणि पुलीच्या मध्ये बोट गेलं तर परत येत नाही.

टायरवर एक खूण करा आणि बेल्टच्या पाठीवर दुसरी. चाक हाताने पुढच्या दिशेने सावकाश फिरवा आणि टक कधी येतं ते बघा. समजा मागच्या पुलीला ६८ दाते आहेत आणि बेल्टला १३६. मग बेल्टची एक फेरी होते तेव्हा चाकाच्या दोन होतात. टायरची खूण दर वेळी त्याच जागी आल्यावर टक झालं तर दोष चाकात किंवा मागच्या पुलीत. चाकाच्या दोन फेऱ्यांत एकदाच झालं आणि बेल्टची खूण त्याच जागी असेल तर दोष बेल्टवरच्या एका जागेत. चाकाच्या एकाच फेरीत दोन-तीनदा झालं तर पुढची लहान पुली बघा. तुमच्या गाडीचे दाते वेगळे असतील, हिशेब तोच.

माझ्या गाडीत टक यायचं ते बेल्टच्या खुणेला धरून. टॉर्च मारून बघितलं तर दोन दात्यांच्या खाचेत हरभऱ्याएवढा खडा घट्ट बसलेला. लाकडी काडीने तो बाहेर काढला आणि आवाज संपला. स्क्रूड्रायव्हर घालू नका, दात्याच्या मुळाशी ओरखडा पडतो.

टॉर्च हातात आहे तोवर सगळा बेल्ट बघून घ्या. दाता तुटलेला असेल, दात्याच्या मुळाशी भेग असेल, दाते एका बाजूला झिजून आकड्यासारखे झाले असतील, किंवा कडेतून दोऱ्या बाहेर आल्या असतील, तर धुणं-ताणणं काही उपयोगाचं नाही, बेल्ट बदलावा लागेल. मधोमध खड्याचा लहानसा खळगा असेल तर लक्ष ठेवून चालवता येतो. कडेला असेल तर नाही. पुलीवरचा चकाकणारा थर उडालेला किंवा काठ धारदार झालेला दिसला तर नवा बेल्ट टाकूनही तो लवकर खाल्ला जाणार, म्हणून पुल्याही त्याच वेळी बदला.

धुणं

निम्म्याहून जास्त कुरकुरी इथेच संपतात. बादलीत कोमट पाणी, त्यात थोडा भांड्यांचा साबण, आणि एक मऊ ब्रश. बेल्टची आतली बाजू, बाहेरची बाजू, दोन्ही कडा आणि पुलीच्या खाचा घासा. चाक थोडं थोडं फिरवत पूर्ण फेरी करा, साध्या पाण्याने धुवा आणि सुकू द्या. खानापूरकडची तांबडी माती सुकलेली असताना नुसत्या फडक्याने पुसू नका. तिच्यातले बारीक कण पॉलिश कागदासारखे घासतात. निपाणीकडची काळी माती चिकट असते, ती आधी पाण्याने भिजू द्यावी लागते. उसाचा हंगाम सुरू असेल तर ट्रॉलीतून पडलेलं पाचट खालच्या गार्डमध्ये अडकलंय का तेही बघा. त्याची सळसळ ऐकून मी एकदा अर्धा दिवस बेल्ट तपासत बसलो होतो.

तेल, ग्रीस, चेन स्प्रे, रॉकेल, डिझेल यातलं काहीही बेल्टला लावायचं नाही. थोडा वेळ आवाज बंद होतो हे खरं. पण तेलाने बेल्टचा माल फुगतो, मऊ होतो, आणि त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. वॉशिंग सेंटरवर गाडी दिलीत तर प्रेशरचा फवारा चाकाच्या मध्यभागी मारू नका असं सांगा, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

चाक सरळ आहे का

धुवूनही चिवचिव राहिली तर चाक फिरवत बेल्टची कड बघा. बेल्ट पुलीच्या एका काठाला हलकासा टेकला तर चालतो. दाबून घासत असेल, कड चकचकीत झाली असेल किंवा गार्डवर काळी भुकटी पडली असेल, तर चाक तिरकं आहे.

स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, दोन्ही बाजूंना खुणा असतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. स्विंगआर्म जिथे फ्रेमला जोडलेला असतो त्या बोल्टच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापर्यंत डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर टेपने मोजा. दोन्ही सारखी हवीत. नसतील तर अ‍ॅक्सल नट सैल करा, लॉकनट सोडा आणि एका बाजूचा अ‍ॅडजस्टर फक्त पाव फेरी फिरवा. मग चाक दहा-बारा वेळा पुढे फिरवून बेल्ट कुठे सरकतो ते बघा. उलट दिशेला सरकला तर ती पाव फेरी परत घ्या आणि दुसरीकडून करा. या कामाला वेळ लागतो. अर्धी-अर्धी फेरी देऊन लवकर उरकायला गेलात की कुठून सुरुवात केली होती तेच विसरायला होतं, म्हणून पहिली मापं कागदावर लिहून ठेवा.

आता ताण

ताण मोजल्याशिवाय बदलायचा नाही. अंगठ्याने दाबून सांगणं अण्णांसारख्या चाळीस वर्षं हात काळे केलेल्यांनाच जमतं. बेल्ट थंड असतानाच मोजा. गाडी चालून तापली की पुली फुगतात आणि बेल्ट असतो त्यापेक्षा घट्ट लागतो.

हार्लेच्या पद्धतीत खालच्या पट्ट्याच्या मधोमध १० पौंड, म्हणजे साधारण ४.५ किलो जोर लावायचा आणि बेल्ट किती मिलिमीटर हलला ते मोजायचं. त्यासाठी वेगळं अवजार मिळतं, पण आमच्याकडे बाजारात भाजीवाले वापरतात तो हुकाचा डिजिटल काटाही चालतो. जुन्या दप्तराची रुंद पट्टी बेल्टवरून टाका, तिची टोकं हुकात अडकवा आणि काट्यावर ४.५ दिसेपर्यंत सरळ खाली ओढा. शेजारी स्टीलची पट्टी उभी धरून बेल्ट किती खाली आला ते वाचा. दोरी वापरू नका, ती एकाच जागी रुतते.

चाक थोडं फिरवून हेच माप चार-पाच जागी घ्या. सगळीकडे ते सारखं येणार नाही, कारण पुली अगदी शंभर टक्के गोल नसते. जिथे बेल्ट सगळ्यात घट्ट लागतो तीच जागा धरून ताण लावायचा. ढिली जागा धरून लावलात तर घट्ट जागी तो बेअरिंगला ओढत राहील.

किती मिलिमीटर हवेत आणि किती जोर लावायचा, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. गाडी स्टँडवर ठेवून मोजायचं की माणूस बसवून, तेही बदलतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच घ्या, मित्राच्या गाडीचा नको. काही कंपन्या बेल्ट टिचकीने वाजवून त्याच्या कंपनांवरून ताण मोजतात. तसं असेल आणि गाडी वॉरंटीत असेल तर धुणं आणि खडूची तपासणी घरी करा, पाना सर्व्हिस सेंटरलाच लावू द्या.

ताण बदलताना दोन्ही अ‍ॅडजस्टर अगदी सारखे फिरवा, नाहीतर नुकतीच केलेली सरळ रेषा मोडते. अ‍ॅक्सल नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) पुस्तकातल्या आकड्याला आवळा, आणि आवळल्यावर ताण पुन्हा मोजा. आवळताना चाक किंचित सरकतं आणि आधीचं माप खोटं ठरतं. लॉकपिन असेल तर नवी घाला. गाडी रस्त्यावर काढण्याआधी मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा. चाक हललेलं असतं, पॅड मागे गेलेले असू शकतात, आणि पहिल्याच वळणावर पेडल पोकळ लागायला नको.

पाच-सहा किलोमीटर चालवून या. ब्रेकच्या डिस्कला हात न लावता हबवर, पुलीच्या बाजूने, हाताची पाठ टेकवून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर बेल्ट अजून घट्ट आहे किंवा बेअरिंग आधीच गेलंय. मग चाक काढून बेअरिंग बोटाने फिरवून बघावंच लागेल. सगळं ठीक असेल तर गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी तीच पट्टी, तोच काटा घेऊन एकदा मोजा. आलेलं माप, तारीख आणि किलोमीटर पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुरकुर झाली की आधी ते पान उघडायचं.