त्वचेच्या गोळ्या बंद केल्यावर होणाऱ्या चुका

पाकीट संपले म्हणजे औषधही शरीरातून गेले, असे बहुतेक जण धरून चालतात. मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनमध्ये फरक फार नाही: रक्तातले प्रमाण साधारण एका दिवसात निम्मे होत जाते. तरी शेवटच्या गोळीनंतर 1 महिना गर्भधारणा टाळायची आणि रक्तदानही करायचे नाही. रक्तदानाचा नियम पुरुषांनाही आहे, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकते. वॅक्सिंगला महिना पुरत नाही, साल निघते; 6 महिने थांबा.

मोठी गफलत होते ती हाच महिन्याचा हिशोब सोरायसिसच्या ॲसिट्रेटिनला लावल्याने. दोन्ही औषधे एकाच घराण्यातली, पण ॲसिट्रेटिन घेताना पोटात अल्कोहोल गेले तर त्याचे एट्रेटिनेट बनते. ते चरबीत मुरते आणि निम्मे व्हायलाच सुमारे 4 महिने घेते. म्हणून गर्भधारणा आणि रक्तदान दोन्हींसाठी 3 वर्षे थांबायचे. मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रियांनी गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर 2 महिने दारू पूर्ण वर्ज्य. ‘मी घेतच नाही’ म्हणणाऱ्यांनी कपाटातली अशोकारिष्टाची बाटली आठवावी! आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असतेच. खोकल्याच्या सिरपचे लेबलही वाचा.

नखाच्या बुरशीत चूक उलटी होते. इट्राकोनॅझोल महिन्यातून एक आठवडा, 200 मिग्रॅ दिवसातून दोनदा, असे पायाच्या नखांसाठी 3 वेळा देतात. तिसऱ्या फेरीनंतरही नख पिवळेच दिसते, मग रुग्ण मेडिकलमधून परस्पर चौथी फेरी आणतो. गरज नसते. औषध रक्तातून गेले तरी नखात 6 ते 9 महिने टिकते, आणि अंगठ्याचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. निरोगी आणि पिवळ्या भागाच्या सीमेवर फाइलने बारीक खूण करा. खूण पुढे सरकते आहे आणि तिच्यामागे मुळाकडचे नख स्वच्छ येते आहे, तर उपचार लागू पडलाय. पिवळेपणा खूण ओलांडून मुळाकडे आला तर डॉक्टरांकडे जा.

याच काळात कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन बंद ठेवलेली असेल तर ती लगेच सुरू करू नका. इट्राकोनॅझोल थांबल्यावरही 2 आठवडे ती नीट विघटित होत नाही आणि स्नायूंना इजा होऊ शकते.

ॲलर्जीवरची सेटिरिझिन गोळी ही ॲलर्जीच्या त्वचाचाचणीआधी साधारण 7 दिवस बंद हवी (आधी डॉक्टरांना विचारून), नाहीतर गांधी उठत नाहीत आणि चाचणी खोटी निघते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मात्र दिवसाभरात रक्तातून जाते, आणि धोका तिथेच आहे. 3 आठवड्यांहून जास्त घेतले असेल तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, त्यांना जागे व्हायला कधी कधी महिने लागतात. गोळी एकदम तोडली की थकवा, मळमळ, चक्कर सुरू होते. डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा. पुढच्या वर्षभरात शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना हे आपणहून सांगा. ‘आता काही चालू नाही’ एवढ्यावर थांबू नका.