जुन्या वेलींची वूव्रे: मराठवाड्यातील घरी कशी थंड करावी, कशी चाखावी, कशासोबत वाढावी

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी, तूर शहराला लागून असलेल्या वूव्रे गावाच्या परिसरात शेनिन ब्लां या द्राक्षापासून पांढरी वाईन तयार होते. हे द्राक्ष नाशिककडेही मोठ्या प्रमाणावर लावले जाते, त्यामुळे मराठी वाचकाला ते परके नाही. फरक आहे तो हवामानाचा. नाशिकला वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात, ऊन चढत असताना होते, तर ४७ अंश उत्तर अक्षांशावरील वूव्रेमध्ये ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कधी नोव्हेंबरपर्यंत, थंडी वाढत असताना होते. त्यामुळे फळातील आंबटपणा टिकून राहतो, आणि त्याच्या बळावर चांगली वूव्रे बाटलीत कित्येक दशके तग धरते.

लेबलवर ‘व्येय विन्य’ असे लिहिलेले असेल तर ती वाईन जुन्या वेलींची आहे, असा उत्पादकाचा दावा असतो. वेल किती वर्षांची झाली म्हणजे जुनी म्हणावी, हे फ्रान्सच्या कायद्याने ठरवलेले नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेने २०२४ मध्ये ३५ वर्षे ही मर्यादा सुचवली, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. म्हणून लेबलवरील शब्दांपेक्षा उत्पादकाच्या लौकिकावर अधिक विश्वास ठेवावा. कडवंची किंवा तुळजापूर भागातील बागायतदाराला वेल म्हातारी झाली की घड कमी आणि लहान लागतात, हे सांगावे लागत नाही. खाण्याच्या द्राक्षांच्या हिशेबात अशी बाग काढून टाकणेच परवडते. वाईनच्या बाबतीत मात्र हे घटलेले उत्पादन उपयोगी पडते, कारण वेलीची ताकद थोड्या घडांत एकवटते आणि खोल गेलेल्या मुळांमुळे कोरड्या वर्षीही फळ फारसे ढासळत नाही. (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या आणि त्यानंतर अमेरिकी खुंटावर कलमे करून त्या पुन्हा उभ्या राहिल्या, आजच्या बहुतेक जुन्या वेली त्या पुनर्लागवडीनंतरच्या आहेत.)

अशा वाईनचे वैशिष्ट्य तिच्या वासाच्या जोरात नसते. घोट तोंडाच्या मध्यभागी दाट लागतो आणि गिळल्यानंतर चव बराच वेळ रेंगाळते. वाढणाऱ्याने तापमान, ग्लास आणि ताट या तिन्हींची निवड ही रेंगाळणारी चव झाकली जाणार नाही, अशी करावी.

खरेदी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीशीपार जातो, आणि अशा उन्हात मालमोटारीतून आलेली बाटली वाहतुकीतच शिजून निघते. बूच वर सरकलेले किंवा झाकणाखाली चिकट ओघळ दिसत असेल तर ती बाटली घेऊ नये. महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो, तो आधी काढून ठेवावा. वूव्रेच्या डोंगरात मऊ चुनखडीच्या दगडात खोदलेली तळघरे आहेत आणि तेथील हवा बारा अंशांच्या आसपास स्थिर असते. भर मे महिन्यात वेरूळच्या लेण्यात शिरल्यावर अंगाला जो गारवा जाणवतो, त्याहून तो बराच अधिक समजावा. आपल्या घरात अशी जागा नसते, म्हणून वाईनसाठीचा वेगळा फ्रिज नसल्यास बाटली फ्रिजच्या खालच्या भागात आडवी ठेवावी आणि काही महिन्यांत उघडावी. स्वयंपाकघरातील कपाटात ती उन्हाळाभर ठेवणे म्हणजे ती वाया घालवणे होय.

वाढण्याचे तापमान १० ते १२ अंश असावे. फ्रिजमधील चार-पाच अंशांवर या वाईनचा फक्त आंबटपणा जाणवतो, बाकी सारे मुके राहते. त्यामुळे हिवाळ्यात बाटली अर्धा तास आधी बाहेर काढावी, उन्हाळ्यात मात्र दहा मिनिटे पुरतात. बाटली गार नसेल तर बादलीत बर्फाइतकेच पाणी घालावे, कारण नुसता बर्फ काचेला सर्व बाजूंनी भिडत नाही. ग्लासात बर्फ कधीही टाकू नये. ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा, तो गरम पाण्याने धुऊन घ्यावा आणि बंद कपाटाचा वास त्याला राहिलेला नाही, याची खात्री करावी. एका वेळी ७५ मिलिलिटरच ओतावे, म्हणजे उन्हाळ्यातही ग्लास संपेपर्यंत वाईन कोमट होत नाही. बाटली तरुण, म्हणजे तीन-चार वर्षांच्या आतली असेल, तर वाढण्यापूर्वी तासभर काचेच्या जगमध्ये ओतून तो फ्रिजमध्ये ठेवावा. हवा लागल्यावर ती चांगली खुलते.

चाखण्याच्या खोलीत उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा आणि फोडणीचा वास नसावा, आणि चाखणाऱ्याने आधी पान, बडीशेप किंवा चहा घेतलेला नसावा. प्रथम ग्लास न हलवता वास घ्यावा, नंतर हलके फिरवून पुन्हा घ्यावा. सफरचंद, पिकलेला पेरू, मध, वाळलेली फुले आणि ओल्या लोकरीसारखा एक वास शेनिनमध्ये मिळतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच खराब आहे, असे समजून बाटली परत करावी. तळाशी साखरेसारखे स्फटिक दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, त्यांनी काहीही बिघडत नाही. मग लहान घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरवावा, गिळावा किंवा थुंकावा, आणि चव किती सेकंद टिकते ते मनातल्या मनात मोजावे. शेजारच्या ग्लासात नाशिकची शेनिन घेऊन दोन्ही आलटून पालटून चाखणे हा फरक समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पहिला आणि शेवटचा घोट यांत किमान वीस मिनिटे जाऊ द्यावीत, कारण वाईन दोन-तीन अंशांनी उबदार झाली की मधाचा वास वर येतो.

जेवणाच्या बाबतीत मराठवाड्याच्या ताटातील बरेचसे पदार्थ तिच्या आड येतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. येसर आमटी, काळ्या मसाल्याची भरली वांगी आणि तर्रीदार मटण या तिखटाने मद्याचा दाह वाढतो आणि रेंगाळणारी चव पार झाकली जाते. चिंचेची आंबट आमटीही टाळावी, कारण पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला की वाईन पाणचट लागते. तिची खरी सोबत तूप, लोणी, मीठ आणि धान्याचा गोडवा यांच्याशी जमते. डिसेंबर-जानेवारीतील हुरडा हा माझ्या मते तिच्यासाठी आपल्याकडील सर्वोत्तम पदार्थ आहे: गरम, किंचित गोड, भाजल्याचा खरपूस वास असलेला हुरडा केवळ मीठ आणि तिळाच्या कोरड्या चटणीसोबत घ्यावा, लसणाची तिखट चटणी बाजूला ठेवावी. मिरची कमी घातलेले धपाटे लोण्यासोबत, तूप घातलेली मुगाची खिचडी, खारे उकडलेले शेंगदाणे, आणि गोदावरीतील मरळ केवळ हळद-मीठ लावून मंद आचेवर तळलेली, हे सारे तिला शोभते. माशावर लिंबू पिळू नये, ते काम वाईन करते. नान-खलिया वाढायचाच असेल तर ‘सेक’ म्हणजे कोरडी बाटली न निवडता ‘दमी-सेक’ घ्यावी. तिच्यातील थोडी साखर मसाल्याचा दाह शमवते. बीडचे सीताफळ किंवा कुंथलगिरीचा पेढा यांच्यासोबत कोरडी वूव्रे तुरट-आंबट लागेल, तेथे ‘म्वालू’ ही गोड वूव्रेच हवी.

बाटली उरली तर बूच लावून ती लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवावी. शेनिनचा आंबटपणा तिला तीन-चार दिवस सांभाळतो, आणि दुसऱ्या दिवशी तरुण बाटली बहुधा अधिक मोकळी लागते. त्यानंतर रंग तपकिरीकडे झुकू लागला तर ती मासा किंवा कोंबडी शिजवताना वापरावी.