मदरबोर्डवर ठिणगी पडली आणि पीसी तापायला लागला? या चुका टाळा

पहिली चूक माझीच. पीसी चालू असतानाच फॅनची पिन काढायला गेलो, स्क्रूड्रायव्हर निसटला आणि हेडरवर, म्हणजे बोर्डवर पंखा जोडतात त्या पिनांवर, चट्‌दिशी ठिणगी उडाली. पीसी बंद पडला. पुन्हा बटण दाबलं तर सुरू झाला, म्हणून हायसं वाटलं. दहा मिनिटांत सीपीयू ९५ अंशांवर! मग सगळे करतात तेच मीही केलं: थर्मल पेस्ट, म्हणजे सीपीयूची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, बदलली. एकदा नाही, तीनदा. आदल्या दिवशीपर्यंत चांगली असलेली पेस्ट ठिणगीने कशी वाळेल, हे सुचायला तीन ट्यूब लागल्या.

खरं तर आधी पंख्याकडे बघायचं. आणि 'फिरतोय ना, मग झालं' एवढ्यावर थांबायचं नाही. हेडरला चार पिना असतात: ग्राउंड, १२ व्होल्ट, वेग कळवणारी आणि वेग ठरवणारी. माझ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक १२ व्होल्टवरून पलीकडच्या दोन्ही पिनांना टेकलं होतं. वेग ठरवणारा सिग्नल कायमचा शून्यावर अडकला की पंखा फिरतो, पण रेंगाळत. पंख्याला अडॅप्टर लावून थेट एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स कनेक्टरवरून १२ व्होल्ट दिले आणि तापमान झटक्यात उतरलं. अशा जोडणीत बोर्डला पंखा दिसत नाही, त्यामुळे तो 'सीपीयू फॅन एरर' दाखवतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय हे डोळ्यांनी पाहिल्यावरच बायोसमधली (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमधली) ती सूचना बंद करा. आधी सूचना बंद आणि मग तपास, हा उलटा कारभार नको.

तापमानाच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. पीसी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी सुरू करताच बायोस उघडा. तापमान खोलीच्या आसपास सुरू होऊन हळूहळू चढलं, तर उष्णता खरी. थंडगार पीसी पहिल्याच क्षणी ९० दाखवत असेल किंवा आकडा १२७ वर खिळला असेल, तर सेन्सरच बिघडलाय.

पंखा ठीक, सेन्सर ठीक, पण सॉकेटशेजारचा (सीपीयू बसतो त्या खाचेजवळचा) भाग चटके देतोय? मग संशय व्हीआरएमवर, म्हणजे १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्टच्या आत आणून सीपीयूला देणाऱ्या सर्किटवर. इथे 'परत एकदा लावून बघू' हा मोह फार महागात पडतो. जळका वास आला की प्लग काढा. चालू बोर्डवर बोट लावून गरम भाग शोधू नका. दुरुस्तीवाले बोर्डवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतात आणि बेंच सप्लायवरून (व्होल्टेज-करंट ठरवता येणाऱ्या वीजपुरवठा यंत्रावरून) मर्यादित करंट सोडतात. जिथलं अल्कोहोल आधी उडून जातं तो भाग दोषी. हे काम त्यांच्यावरच सोडा.

आणि अशा बोर्डवर 'चेक करायला' म्हणून चांगला सीपीयू तर अजिबात बसवू नका. व्हीआरएममधला वरच्या बाजूचा (१२ व्होल्टकडचा) मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट असेल, तर १२ व्होल्ट थेट सीपीयूत जातात.