छोट्या वर्कशॉपसाठी सॉफ्टवेअर घेताय? या चुका टाळा

भोसरी-चाकणकडच्या दहा-पंधरा माणसांच्या शॉपमध्ये बघा, सॉफ्टवेअर घेतलेलं असतं, पैसे भरलेले असतात आणि खरा स्टॉक मात्र सुपरवायझरच्या डायरीतच. का? कारण घेताना डेमो बघितला त्यांच्या डेटावर, सगळं गुळगुळीत चालणारच ना. डेमोला आपला सगळ्यात किचकट जॉब न्यायचा आणि म्हणायचं, हा आत्ता माझ्यासमोर टाकून दाखवा.

उदाहरणार्थ ४० एमएमचा ईएन८ (एक प्रकारचं स्टील) गोल बार. वजन काढायचं तर एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ९.८८ किलो, सहा मीटरचा बार जवळपास ५९ किलो. पीस १०० एमएमचा, कटिंगला ३ एमएम धरले तर एका बारमधून ५८ नग आणि थोडा एंड पीस, म्हणजे उरलेला तुकडा. खरेदी किलोत, विक्री नगात, मधे बर (मशीनवर निघणारा धातूचा चुरा) निघते ती परत किलोत विकायची. हे तिन्ही एका आयटमला धरून दाखवता येत नसेल तर बाकीचे रंगीत ग्राफ घेऊन काय करायचंय? आणि मटेरियल कस्टमरचं असेल तर बर आणि एंड पीसचा हिशोब तोच मागतो, हेही विचारून घ्या.

दुसरी चूक, बाहेर जाणाऱ्या मालाकडे दुर्लक्ष. प्लेटिंगला ५०० नग गेले, ३०० आले, ५ रिजेक्ट, उरलेले तिकडेच, हे चलनवार दिसलं पाहिजे. जीएसटीत जॉबवर्कला, म्हणजे असं बाहेर काम करून घ्यायला, पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच सप्लाय झाला असं धरतात आणि टॅक्सवर व्याजही लागतं (डाय, जिग, फिक्स्चरला ही मुदत नाही). आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरताना मार्चअखेर चलनं शोधत बसणारे खूप बघितलेत. गंमत म्हणजे टॅलीत जॉबवर्क इन-आऊट आहे, कोणी चालूच केलेलं नसतं! त्यामुळे नवीन घ्यायच्या आधी हातात आहे ते उघडून बघा.

मोठा पसारा पहिल्या दिवसापासून चालू करू नका. पीओ (खरेदी ऑर्डर), चलन, स्टॉक एवढंच आधी, पेरोल-बिरोल नंतर. मशीनवाल्या पोराला एका एंट्रीसाठी पाच स्क्रीन फिरायला लावल्या तर तो संध्याकाळी अंदाजे आकडे टाकणार, आणि मला विचाराल तर चूक त्याची नाही.

फुकट म्हणजे फुकट नसतं. मुंबईत बनलेलं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, लायसन्स लागत नाही, पण सर्व्हर, सेटअप आणि बिघडलं तर बघणारा माणूस लागतोच. विकतच्यात युजरमागे किती, दुसऱ्या वर्षी किती, फॉरमॅट बदलायचे वेगळे पैसे का, हे लेखी घ्या. डेटा एक्सेलमध्ये पूर्ण बाहेर काढता येतो का, तेही पैसे द्यायच्या आधी स्वतः काढून बघा.

आधीच अडकला असाल आणि स्टॉक मायनस दाखवतोय? बहुतेक वेळा माल आला, मशीनवर चढलासुद्धा, पण इनवर्ड (माल आत आल्याची) एंट्री बिल आल्यावर तीन दिवसांनी झाली. गेटवर चलन आलं की त्याच दिवशी इनवर्ड टाका, बिल नंतर जोडता येतं. तरीही जुळत नसेल तर एका रविवारी मशीन बंद ठेवून प्रत्यक्ष मोजा, वजनकाट्यावर, आणि तो आकडा ओपनिंग म्हणून टाका, जुन्या एंट्र्या उकरत बसू नका. फक्त अकाउंटंटला आधी सांगा, नाहीतर तो वेगळाच आकडा धरून बसेल.