३ ऑक्टोबर इंदूरमध्ये असा साजरा करा: जर्मनीत मुलं असलेल्या घरांसाठी

सुदामा नगर घ्या नाहीतर लोकमान्य नगर, ओळखीत कोणाचं ना कोणाचं मूल जर्मनीत असतंच, कोणी शिकायला, कोणी नोकरीला. ३ ऑक्टोबरला, पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्याच्या दिवशी, त्यांना तिकडे सुट्टी असते आणि आपण इकडून ग्रुपवर एक झेंड्याचा इमोजी टाकून मोकळे होतो. त्यापेक्षा चार घरं मिळून एक संध्याकाळ नीट करा ना. माझं एकच कळकळीचं म्हणणं आहे, पूर्व जर्मनीला विसरू नका. बहुतेक लोक बीअरचे मग आणि निळे-पांढरे चौकोन लावून ऑक्टोबरफेस्ट करतात, पण तो म्युनिकचा वेगळा उत्सव आहे, तारखा जवळ येतात म्हणून घोळ होतो. हा दिवस दोन देश एक झाल्याचा आहे, तर दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत.

आधी तारीख समजून घ्या, पोरं विचारणारच. पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, मग सुट्टी ३ ऑक्टोबरला का? कारण १९३८ मध्ये त्याच ९ नोव्हेंबरच्या रात्री नाझींनी ज्यू लोकांची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली, त्या तारखेला सण कसा करणार. आणि भिंत उघडली तरी देश दोनच होते. १ जुलै १९९० ला चलन एक झालं, २३ ऑगस्टला एक होण्यावर पूर्वेच्या संसदेत मतदान झालं, २९४ बाजूने, ६२ विरोधात, ७ तटस्थ, आणि मग ३ ऑक्टोबरपासून एक जर्मनी. ते ६२ पण सांगा हं मुलांना, सगळे एका सुरात नाचत आले नव्हते, नंतर पूर्वेकडचे कितीतरी कारखाने बंद पडले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

आता मुख्य काम, भिंत. सियागंजच्या किराणावाल्यांकडे रिकामे खोके मागितले की मिळतात, ते हॉलच्या मधोमध रचायचे, साधारण मुलांच्या डोक्याच्या वर जातील एवढे. एका बाजूने पोरांना रंग, स्केचपेन, जे हवं ते काढू द्या. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद चिकटवा आणि तिकडे कोणालाही हात लावू देऊ नका, एक रेघ पण नाही. बर्लिनमध्ये अगदी असंच होतं, पश्चिमेची बाजू चित्रांनी भरलेली आणि पूर्वेची कोरी, कारण तिकडून भिंतीजवळ जायलाच बंदी होती, गेलं तर गोळी. बर्लिनच्या भिंतीपाशी निदान १४० माणसं मेली. मुलं रंगवून झाल्यावर त्यांना पलीकडे न्या आणि हे सांगा, वेगळं भाषण लागत नाही.

अर्धी घरं इकडे बसवा, अर्धी तिकडे. आणि भिंत लाथांनी पाडू देऊ नका, पोरांना तेच करायचं असतं पण थांबवा. ९ ऑक्टोबर १९८९ ला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सत्तर हजाराच्या आसपास लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर चालले, हिंसा न करता, गोळी चालली नाही, आणि महिन्याभराने बर्लिनच्या बोर्नहोल्मर स्ट्रासं नाक्यावर गर्दी एवढी झाली की पहारेकऱ्यांनी शेवटी फाटकच उघडलं. म्हणून दोन्हीकडून एकेक खोका हाताने उतरवायचा, मधे दार झालं की पलीकडच्यांना हाताला धरून आणायचं आणि टेबलं जोडून सगळ्यांनी एकत्र जेवायचं.

सजावटीत रंगांचा क्रम पाहा, वर काळा, मधे लाल, खाली सोनेरी, पट्टे आडवे, उभे केले की बेल्जियमसारखं दिसतं. सोनेरीला झेंडूचं तोरण सुंदर दिसतं, दसऱ्याच्या आसपास भरपूर मिळतो. काळी रांगोळी दारात काढली तर आजी नको म्हणतील, ती आत टेबलापाशी काढा. पूर्व जर्मनीच्या सिग्नलवरचा टोपीवाला हिरवा माणूस कागदाचा कापून लावा, एकीकरणानंतर तो काढून टाकणार होते, लोकांनी वाचवला.

खायला पूर्वेकडच्या सॅक्सनीचा एक गोड पदार्थ करा, क्वार्ककॉयल्शन. त्यात क्वार्क लागतं, आपला चक्का चालतो. अर्धा किलो बटाटे आदल्या दिवशी उकडून ठेवा, किसा, पाव किलो चक्का, १०० ग्रॅम मैदा, दोन-तीन चमचे साखर, एक अंडं, लिंबाची किसलेली साल, मनुका, चिमूटभर मीठ, आणि टिकीसारखं थापून बटरवर दोन्हीकडून तांबूस भाजायचं. अंडं चालत नसेल तर दोन चमचे रवा जास्त घालून दहा मिनिटं थांबा. चक्का घट्ट हवा, पाणी राहिलं की टिकी तव्यावर पसरते. वरून दालचिनी-साखर आणि सोबत शिजवून घोटलेलं सफरचंद.

पश्चिमेकडचं म्हणून दक्षिणेची बटाट्याची कोशिंबीर, मेयोनीजवाली नाही. उकडलेले बटाटे गरम असतानाच चकत्या करून त्यावर भाज्यांचं गरम पाणी, व्हिनेगर, तेल, मोहरीचा सॉस, बारीक कांदा घालून अर्धा तास मुरू द्यायचं. शेव मात्र नको, इंदूर असलं तरी. नवरात्र आलं असेल तर उपासवाल्यांची वाटी कांद्याशिवाय, सेंधव मीठ आणि लिंबू घालून वेगळी काढा.

राष्ट्रगीत लावणार असाल तर फक्त तिसरं कडवं, तेवढंच अधिकृत आहे. नेटवरच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये पहिलं कडवं असतं, ते चुकूनही लावू नका, आधी ऐकून घ्या.

प्रश्नमंजुषेत एक आपला प्रश्न टाका, बर्लिनच्या कोणत्या वास्तुविशारदाने इंदूरमध्ये राजवाडा बांधला? यशवंतराव होळकरांसाठी माणिकबाग, एकार्ट मुथेसियसने, १९३० च्या दशकात. मोठ्यांना पण पटकन येत नाही.

व्हिडिओ कॉल संध्याकाळी साडेसातला ठेवा, तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात, दुकानं बंद, मुलं घरीच सापडतात. चार दिवस आधी त्यांना एक काम सांगून ठेवा, शेजारच्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारायचं की १९९० मध्ये देश एक झाला त्या रात्री तुम्ही कुठे होतात, आणि त्यांची हरकत नसेल तर उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये आणायचं. शेजारी पूर्वेकडचे निघाले तर आणखी छान, फक्त लगेच "मग आता बरं वाटतं ना?" असं विचारू नका, त्यांना जे सांगायचं ते सांगू द्या. मुलाने मराठीत अर्थ सांगितला की सगळ्यांना कळतं, आजी तर दोनदा लावायला सांगतात.